सेंट्रल स्टोअर आणि स्टेट: मुंबईतल्या मराठी फ्रंटएंडवाल्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान रिॲक्ट, व्ह्यू किंवा अँग्युलरमध्ये थोडंफार काम केलेल्यांसाठी आहे. कम्पोनंट म्हणजे काय इथपासून सुरुवात केलेली नाही. उदाहरण शेवटपर्यंत एकच आहे: दादर पश्चिमेच्या एका पोळी-भाजी केंद्राची ऑर्डर घेणारी साइट. केंद्र काल्पनिक आहे. मेनू, कार्ट, पत्ता, पिनकोडप्रमाणे डिलिव्हरीचा आकार आणि मागच्या ऑर्डरी एवढाच तिचा पसारा. स्टेट म्हणजे साइट त्या क्षणी लक्षात ठेवत असलेली माहिती. वाचायला सोपी पडते, पण स्टेटचे जवळपास सगळे घोळ हिच्यात घालता येतात.

सेंट्रल स्टोअर म्हणजे नेमकं काय?

अनेक कम्पोनंटना लागणारी माहिती कम्पोनंटच्या झाडाबाहेर एका जागी ठेवायची, ती बदलण्याचे रस्ते ठरवून द्यायचे आणि बदल झाला की ज्यांना गरज आहे त्यांनाच कळवायचं, एवढंच.

सोसायटीचं रजिस्टर डोळ्यासमोर आणा. फ्लॅटमालक बदलला, पार्किंग बदललं, तरी कोणी जाऊन रजिस्टरमध्ये खाडाखोड करत नाही. अर्ज द्यायचा, सेक्रेटरी नियमात बसतो का बघून नोंद करणार, आणि वाचायला रजिस्टर सगळ्यांना खुलं. रिडक्सच्या भाषेत अर्ज म्हणजे ॲक्शन, तो देणं म्हणजे डिस्पॅच, सेक्रेटरीची नियमावली म्हणजे रिड्यूसर आणि रजिस्टर म्हणजे स्टोअर. रिडक्ससारख्याच झुस्टँड किंवा पिनिया या स्टोअर लायब्ररींमध्ये अर्जाचा नमुना इतका कडक नसतो, पण खाडाखोड एकाच ठिकाणाहून व्हावी ही अपेक्षा तीच.

ही कल्पना आली कुठून?

फेसबुकच्या चॅटमध्ये न वाचलेल्या मेसेजचा लाल आकडा चुकायचा. मेसेज वाचून झालेले, तरी वर ‘१’ तसाच. दुरुस्त केलं की काही दिवसांनी तोच बग परत. कारण तोच आकडा पानावरच्या तीन-चार भागांना लागत होता आणि प्रत्येक भाग आपापल्या परीनं तो सांभाळत होता. २०१४ मध्ये फेसबुकनं फ्लक्स नावाची मांडणी जाहीर केली, तेव्हा हेच उदाहरण दिलं होतं. माहिती एकाच दिशेनं वाहील, हा तिचा गाभा.

२०१५ मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी फ्लक्स आणि एल्म भाषेतल्या मांडणीवरून रिडक्स लिहिलं. पॅरिसच्या रिॲक्ट युरोपमध्ये अब्रामोव्हनं दाखवलेलं टाइम ट्रॅव्हल डीबगिंग, म्हणजे झालेल्या ॲक्शन मागेपुढे करून स्क्रीन बघणं, लोकांना भलतंच आवडलं आणि पुढची तीन-चार वर्षं रिॲक्ट म्हटलं की रिडक्स असं समीकरण झालं. गंमत अशी, की गरज नसेल तर रिडक्स वापरू नका असं सांगणारा लेख खुद्द अब्रामोव्हनंच २०१६ मध्ये लिहिला. तो फार जणांनी वाचलेला दिसत नाही.

मला स्टोअर लागणार हे ओळखायचं कसं?

साइट किती मोठी आहे यावरून ओळखू नका. पन्नास पानांच्या साइटला स्टोअर लागत नाही आणि एका पानाच्या एडिटरला लागतं, असं सर्रास होतं.

आमच्या केंद्राच्या साइटवर ‘भाजी वाढवा’चं बटण मेनूच्या खोलात आहे, कार्टमधला आकडा वर हेडरमध्ये आहे आणि एकूण रक्कम खाली चिकटलेल्या पट्टीत. तिघांना एकच माहिती हवी आणि तिघांचा जवळचा सामाईक पालक म्हणजे थेट ॲपचं मूळ. मधली पाच कम्पोनंट ती माहिती स्वतः न वापरता प्रॉप म्हणून (पालकानं मुलाला दिलेली माहिती) फक्त खाली पोचवतात. याला प्रॉप ड्रिलिंग म्हणतात. दोन पातळ्यांचं ड्रिलिंग असेल तर खुशाल करा, त्यात लाज नाही. पाच पातळ्या झाल्या आणि प्रत्येक नव्या फीचरला मधल्या फाइली उघडाव्या लागल्या, की स्टोअरचा विचार करायचा. त्याआधी एकदा मधल्या कम्पोनंटना ‘चिल्ड्रन’ देऊन रचना सरळ होते का तेही बघा. पुष्कळदा होते.

मग स्टोअरमध्ये काय ठेवायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर. प्रत्येक फील्डपाशी थांबून विचारायचं: याचा मालक कोण?

आजचा मेनू, भाव, भाजी संपली की नाही, मागच्या ऑर्डरी यांचा मालक सर्व्हर आहे. तुमच्या ब्राउझरमध्ये आहे ती फक्त प्रत, आणि ती कधीही शिळी होऊ शकते. ही प्रत साध्या स्टोअरमध्ये ठेवली की लोडिंगचा झेंडा, एररचा झेंडा, पुन्हा कधी मागवायचं, दोन कम्पोनंटनी एकदम मागितलं तर काय, हे सगळं हातानं लिहावं लागतं. याच कामासाठी टॅनस्टॅक क्वेरी, एसडब्ल्यूआर, आरटीके (रिडक्स टूलकिट) क्वेरी ही साधनं आहेत. ती वापरायला लागल्यावर जुन्या रिडक्स प्रोजेक्टमधलं निम्म्याहून जास्त स्टोअर गळून पडताना मी पाहिलंय.

‘फक्त उपवासाचे पदार्थ’, ‘स्वस्त ते महाग’, दुसरं पान, उघडा टॅब यांचा मालक यूआरएल. कोणी उपवासाच्या थाळ्यांची लिंक घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर उघडणाऱ्याला तीच यादी दिसायला हवी. फिल्टर स्टोअरमध्ये असेल तर त्याला सगळा मेनू दिसेल आणि मागे जायचं बटणही अपेक्षेप्रमाणे चालणार नाही.

ड्रॉपडाउन उघडा आहे का, अर्धवट टाइप केलेली सूचना, माउस कुठल्या कार्डावर आहे, याचा मालक ते कम्पोनंट. ते बंद झालं की ही माहिती मेली तरी चालतं, किंबहुना मेलेलीच बरी.

हे तीन गाळल्यावर जे उरतं ते स्टोअरचं. आमच्याकडे उरतं: कार्ट, निवडलेला पिनकोड, भरून झालेला पत्ता, भाषा मराठी की इंग्रजी, आणि वर क्षणभर येणाऱ्या सूचनांची रांग. बस. लोकांना वाटतं स्टोअर म्हणजे ॲपचा आत्मा वगैरे. नीट लावलेल्या ॲपमध्ये ते बऱ्यापैकी लहान असतं.

कार्टमध्येही पदार्थाचा आयडी आणि नग एवढंच ठेवा. नाव, फोटो, भाव त्यात कॉपी केलात की सकाळी अकराला केंद्रानं भाव बदलल्यावर मेनूत एक आणि कार्टमध्ये दुसरा असा तमाशा होतो. म्हणजे फेसबुकच्या लाल आकड्याचीच गोष्ट.

रिॲक्टमध्ये कॉन्टेक्स्ट आहे ना? मग वेगळं स्टोअर कशाला?

कॉन्टेक्स्ट (मधल्या कम्पोनंटना वगळून माहिती थेट खाली देण्याची रिॲक्टची सोय) माहिती पोचवतो, सांभाळत नाही. सांभाळायला मागे यूजस्टेट किंवा यूजरिड्यूसर लागतोच. थीम, भाषा, लॉगिन झालेली व्यक्ती अशा क्वचित बदलणाऱ्या गोष्टींना तो उत्तम.

अडचण वारंवार बदलणाऱ्या गोष्टींची. कॉन्टेक्स्टची व्हॅल्यू बदलली की तो वाचणारं प्रत्येक कम्पोनंट पुन्हा रेंडर होतं (स्क्रीनसाठी नव्यानं काढलं जातं), त्यातलं एकच फील्ड वापरत असलं तरी. ‘मला कार्टमधला फक्त आकडा सांग’ अशी सोय त्यात नाही. कॉन्टेक्स्टचे तुकडे करून भागवता येतं, पण सहा-सात प्रोव्हायडर एकात एक रचले की झुस्टँडसारखं छोटं स्टोअर परवडतं. बाहेरचं स्टोअर रिॲक्टला नीट जोडण्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या रिॲक्ट १८ मध्ये यूजसिंकएक्सटर्नलस्टोअर नावाचा हुक दिलाय. झुस्टँड आणि रिॲक्ट-रिडक्स आतून तोच वापरतात.

कुठली लायब्ररी घेऊ?

व्ह्यू असेल तर पिनिया, चर्चा नको. व्ह्यूच्या अधिकृत माहितीतच आता पिनिया सुचवलेलं आहे, त्याआधीचं व्ह्यूएक्स फक्त सांभाळलं जातंय. अँग्युलरमध्ये साध्या कामाला सिग्नल आणि सर्व्हिस पुरते, मोठ्या टीमला एनजीआरएक्स.

रिॲक्टमध्ये बाजार मोठा आहे. छोटी टीम, थोडं शेअर्ड स्टेट असेल तर झुस्टँड. पंधरा-वीस जण, वर्षानुवर्षं चालणारं काम, प्रत्येक बदलाचा माग लागायला हवा असेल (बँका, ब्रोकिंग, विमा, आपल्याकडे बीकेसी ते ऐरोली असली कामं भरपूर) तर रिडक्स टूलकिट. त्याचा काटेकोरपणा छोट्या टीमला काचतो, मोठ्या टीमला वाचवतो. एक्सेलसारख्या, शेकडो सुटे छोटे तुकडे एकमेकांवर अवलंबून असलेल्या स्क्रीनला जोताई शोभतं. मॉबएक्स आवडणाऱ्यांना फारच आवडतं, बाकीच्यांना त्यातली जादू खटकते. रिकॉइल नव्यानं घेऊ नका, मेटानं त्याची रिपॉझिटरी २०२५ च्या सुरुवातीला अर्काइव्ह केली.

एकाच प्रोजेक्टमध्ये दोन स्टोअर लायब्ररी मात्र नकोत. तिसऱ्या महिन्यात रुजू झालेल्या मुलाला कुठे काय आहे ते सांगता येत नाही.

रिडक्स मेलं म्हणतात. शिकू की नको?

जे मेलं ते जुन्या पद्धतीचं रिडक्स: कॉन्स्टंटची वेगळी फाइल, ॲक्शन क्रिएटरची वेगळी, स्विच-केसचा लांबलचक रिड्यूसर. २०१९ मध्ये रिडक्स टूलकिटची १.० आवृत्ती आली आणि हे सगळं एका स्लाइसमध्ये (एका विषयाचं स्टेट आणि ते बदलण्याचे नियम एकत्र) मावायला लागलं. २०२२ पासून जुन्या क्रिएटस्टोअर फंक्शनवर ‘कालबाह्य’ असा शिक्काच आहे. ते चालतं, काढून टाकलेलं नाही, पण एडिटरमध्ये नावावर आडवी रेघ दिसते.

नव्या प्रोजेक्टमध्ये रिडक्स घ्याल न घ्याल, चालू प्रोजेक्टमध्ये ते भेटणारच. शिका, टूलकिटपासूनच शिका. २०१७ चे व्हिडिओ बघत बसू नका.

डेटा बदलला, कन्सोलमध्ये दिसतोय, पण स्क्रीन ढिम्म हलत नाही.

दहातल्या नऊ वेळा तुम्ही जुनाच ॲरे किंवा ऑब्जेक्ट आत हात घालून बदललेला असतो. कार्टच्या ॲरेवर पुश केलं, तर आतला माल बदलतो पण ॲरेची ओळख तीच राहते. रिॲक्ट आणि रिडक्स आत डोकावत नाहीत, फक्त ‘हा तोच आहे का?’ एवढंच विचारतात. तोच आहे, म्हणजे काही बदललं नाही, म्हणजे रेंडर नाही.

उपाय: नवा ॲरे बनवून द्या. तीन-चार पातळ्या आतला बदल असेल तर प्रत्येक पातळीची प्रत काढावी लागते आणि तिथे हमखास घोळ होतो. रिडक्स टूलकिटमध्ये यासाठी इमर बसवलेलंच आहे. तिथे पुश केलेलं चालतं, कारण तुम्ही खऱ्या स्टेटवर नाही तर एका मसुद्यावर लिहीत असता आणि इमर त्यातून नवी प्रत काढतं. पण इमरचे स्वतःचे दोन सापळे आहेत. रिड्यूसरमध्ये स्टेट या नावालाच नवी किंमत दिली तर काहीच होत नाही, नवी किंमत रिटर्न करावी लागते. आणि मसुदाही बदलला आणि वेगळी किंमतही रिटर्न केली, तर एरर येते.

व्ह्यूवाल्यांचा सापळा वेगळा. तिथे पुश बिनधास्त चालतं. पण पिनिया स्टोअरमधलं फील्ड डिस्ट्रक्चर करून बाहेर काढलं, की त्याची नाळ तुटते आणि ते जुन्याच किमतीवर बसून राहतं. स्टोअरटूरेफ्स वापरा.

उलटा त्रास: काही बदललं नाही तरी सगळं रेंडर होतंय.

सिलेक्टर, म्हणजे स्टोअरमधून हवं तेवढंच काढून देणारं फंक्शन, बघा. त्यात फिल्टर किंवा मॅप असेल, किंवा तो दोन फील्ड उचलून नवा ऑब्जेक्ट देत असेल, तर दर वेळी नवी वस्तू तयार होते. मजकूर तोच, ओळख नवी. मग कुठलीही ॲक्शन झाली तरी कम्पोनंट पुन्हा रेंडर. रिडक्समध्ये क्रिएटसिलेक्टर वापरा किंवा दोन वेगळे साधे सिलेक्टर लिहा. झुस्टँडमध्ये यूजशॅलो. झुस्टँडच्या पाचव्या आवृत्तीत असा सिलेक्टर नुसता संथ चालत नाही, अखंड फेऱ्यांत अडकून एरर देतो. एका अर्थी बरंच आहे, लगेच कळतं.

आणि आधी मोजा. रिॲक्ट डेव्हटूल्सचा प्रोफायलर लावा. वीस कार्डं जादा रेंडर झाली म्हणून कोणाचा फोन अडत नाही. दोन हजार ओळींचं टेबल प्रत्येक अक्षरागणिक रेंडर झालं, तर अडतो.

बिलाची एकूण रक्कम स्टोअरमध्ये ठेवू का?

नको. जे असलेल्या माहितीतून काढता येतं ते साठवायचं नाही, सिलेक्टरमध्ये काढायचं. नग, भाव आणि पिनकोड हातात आहेत. ४०००२८ म्हणजे दादर पश्चिम, डिलिव्हरी फुकट. ४०००१६ माहीम, तिथे आकार. एकूण रक्कम वेगळी साठवली, की कधीतरी कोणीतरी नग बदलून रक्कम बदलायला विसरणार.

जाता जाता: रक्कम रुपयांत नाही, पैशांत मोजा. साडेबारा रुपयांची पोळी म्हणजे १२५० हा पूर्णांक. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. रुपये दाखवताना शेवटी भागायचं.

फॉर्मचं प्रत्येक अक्षर स्टोअरमध्ये न्यायचं का? मराठी टाइप करताना कर्सर उडतो.

नाही न्यायचं. टाइप होत असलेला मजकूर कम्पोनंटमध्ये ठेवा, ‘पुढे’ दाबल्यावर तयार पत्ता स्टोअरमध्ये द्या. मोठ्या फॉर्मसाठी रिॲक्ट हुक फॉर्मसारखं साधन घ्या.

कर्सर उडण्याचं कारण बहुधा हे: इनपुटची किंमत स्टोअरमधून येतेय आणि स्टोअर ती लगेच न देता थोड्या वेळानं देतंय. मधल्या वेळात रिॲक्टनं जुनी किंमत परत लावली, की कर्सर टोकाला जातो. रोमन अक्षरांतून देवनागरी उमटवणाऱ्या कीबोर्डांमध्ये हा त्रास जास्त जाणवतो, कारण अक्षर पूर्ण व्हायच्या आधीच इनपुट बदलत असतो. असे कीबोर्ड सहसा कम्पोझिशनस्टार्ट आणि कम्पोझिशनएंड या घटना पाठवतात. शोधाच्या खोक्यात कम्पोझिशन संपेपर्यंत सर्व्हरला विचारू नका, नाहीतर ‘बटाटा’ लिहीपर्यंत ‘ब’, ‘बट’, ‘बटा’ अशा चौकशा जातात.

अंकांचंही बघा. कोणी पिनकोड ‘४०००२८’ असा देवनागरीत टाइप केला, तर जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन एनएएन (‘ही संख्या नाही’) देतं आणि अंक ओळखण्याचा नेहमीचा रेगेक्सही त्याला अंक मानत नाही. स्टोअरमध्ये जाण्याआधी दहा अंकांची अदलाबदल करून घ्या. मराठी वापरणाऱ्याला ‘चुकीचा पिनकोड’ म्हणून परत पाठवणं हे मुंबईत शोभत नाही.

शोधात ‘वऱ्हाडी ठेचा’ सापडत नाही, मेनूत तर आहे!

हा स्टेटचा प्रश्न नाही असं वाटेल, पण तो शेवटी सिलेक्टरमध्येच सोडवावा लागतो. ‘वऱ्हाडी’मधला अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिलेला सापडतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, साधा र, नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. स्क्रीनवर तिन्ही सारखे, तुलनेत तिन्ही वेगळे. पहिले दोन नॉर्मलाइझ फंक्शनच्या एनएफसी (युनिकोडचं एकसारखं रूप करण्याच्या) पद्धतीनं एक होतात. तिसरा होत नाही, तो स्वतः बदलावा लागतो.

मूळ मजकूर स्टोअरमध्ये किंवा कॅशेमध्ये जसाचा तसा राहू द्या. शोधण्यासाठी सारखं केलेलं रूप सिलेक्टरमध्ये काढा, दोन्ही बाजूंचं. मूळ मजकूरच बदलून साठवलात, तर केंद्राच्या मालकांना त्यांनी लिहिलेलं नाव परत दिसणार नाही.

लोकलमध्ये नेट जातं-येतं. नग वाढवला की लगेच दाखवू की सर्व्हरची वाट बघू?

कार्टसाठी लगेच दाखवा. आधी स्क्रीन बदलायची, मागून सर्व्हरला कळवायचं, नकार आला तर पूर्ववत करून तसं सांगायचं. पूर्ववत करण्यासाठी बदलाआधीची किंमत हातात ठेवावी लागते. टॅनस्टॅक क्वेरी आणि आरटीके क्वेरी दोन्हींत याची सोय आहे. पैसे देण्याच्या बटणाला मात्र ही युक्ती लावू नका. ‘ऑर्डर झाली’ हे सर्व्हरनं सांगितल्यावरच दाखवायचं, आणि प्रत्येक प्रयत्नाला एकच ओळख-क्रमांक द्यायचा, म्हणजे नेट परत आल्यावर तीच विनंती दोनदा गेली तरी डबे दोनदा येणार नाहीत.

दुसरी भानगड उत्तरांच्या क्रमाची. ‘पोळी’ची चौकशी आधी गेली, ‘पोहे’ची नंतर, पण पोळीचं उत्तर अडकून शेवटी आलं, तर खोक्यात पोहे आणि यादीत पोळ्या. जुनी विनंती ॲबॉर्टकंट्रोलरनं रद्द करा, किंवा उत्तर स्टोअरमध्ये घेण्याआधी ते शेवटच्याच प्रश्नाचं आहे का ते तपासा.

पान रिफ्रेश केलं की कार्ट रिकामी.

स्टोअर मेमरीत असतं, पानाबरोबर जातं. कार्टचा तुकडा लोकलस्टोरेजमध्ये ठेवा. झुस्टँडला पर्सिस्ट मिडलवेअर आहे, रिडक्सला रिडक्स-पर्सिस्ट. सगळं स्टोअर ठेवू नका. लोकलस्टोरेजची जागा साधारण ५ एमबी असते आणि लिहिताना ते मुख्य थ्रेड अडवतं.

साठवलेल्या माहितीला आवृत्तीचा क्रमांक द्या. आज कार्ट म्हणजे ॲरे आहे, पुढच्या महिन्यात आयडीवरून शोधायचा ऑब्जेक्ट करालच. तेव्हा जुन्या ग्राहकाच्या फोनमधून जुना ॲरे येणार आणि पान पांढरं होणार. तुमच्या मशिनवर हे कधीच दिसत नाही, म्हणून टेस्टिंगमधून सुटतं.

तारखा सांभाळून. डेट ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये ठेवू नका. जेसनमधून गेला की तो स्ट्रिंग होऊन परत येतो. आणि आपल्या वेळेचं एक खास दुखणं आहे. ग्राहकानं २६ जानेवारी निवडली, तुम्ही तिची मध्यरात्रीची वेळ धरून आयएसओ स्ट्रिंग काढली, तर भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे त्यात २५ जानेवारी, १८:३० असं येतं. कोणी त्यातली पहिली दहा अक्षरं कापली, की डबा आदल्या दिवशी दारात. नुसती तारीख हवी असेल तर वर्ष-महिना-दिवस एवढीच स्ट्रिंग ठेवा.

दोन टॅब उघडे असतील तर?

प्रत्येक टॅबचं स्टोअर वेगळं. लोकलस्टोरेज बदललं की इतर टॅबमध्ये स्टोरेज घटना येते (ज्या टॅबनं बदल केला त्याच्यात नाही), तिच्यावर कार्ट पुन्हा वाचून घ्या. ब्रॉडकास्टचॅनलनंही होतं.

सर्व्हर रेंडरिंगमध्ये काही वेगळं करावं लागतं का?

हो, आणि चुकलात तर गंभीर आहे. ब्राउझरमध्ये मॉड्यूलच्या वरच एक स्टोअर बनवून सगळीकडे वापरणं ठीक. रिॲक्टसाठीच्या नेक्स्ट किंवा व्ह्यूसाठीच्या नक्स्टच्या सर्व्हरवर तेच मॉड्यूल अनेक ग्राहकांच्या विनंत्यांना वापरलं जातं. म्हणजे माटुंग्याच्या ग्राहकाचा पत्ता प्रभादेवीच्या ग्राहकाच्या पानात उमटू शकतो. प्रत्येक विनंतीसाठी नवं स्टोअर बनवा.

लोकलस्टोरेजमधली कार्ट सर्व्हरला दिसत नाही, त्यामुळे सर्व्हर ‘०’ लिहितो आणि ब्राउझर ‘३’. हायड्रेशनची (सर्व्हरनं बनवलेलं पान ब्राउझरनं ताब्यात घेण्याची) तक्रार त्यातून येते. पहिला रेंडर दोन्हीकडे सारखा ठेवा, कार्ट नंतर भरा.

टोकन, फोन नंबर स्टोअरमध्ये चालतील का?

स्टोअर ही तिजोरी नाही. पानावर चालणारी कुठलीही स्क्रिप्ट लोकलस्टोरेज वाचू शकते. सेशनचं टोकन (लॉगिन झाल्याचा पुरावा) एचटीटीपी-ओन्ली, म्हणजे स्क्रिप्टला वाचता न येणाऱ्या, कुकीत ठेवणं बरं. भाव आणि सवलत सर्व्हरनं पुन्हा मोजायची. ब्राउझरमधून आलेल्या रकमेवर विश्वास ठेवणाऱ्या केंद्राला एक रुपयात पुरणपोळ्या द्याव्या लागतील.

लॉगआउटला सगळं पुसा: स्टोअर, क्वेरीची कॅशे, लोकलस्टोरेज. घरात एकच फोन दोघं-तिघं वापरतात, आईच्या लॉगिनमध्ये मुलाच्या ऑर्डरी दिसायला नकोत.

टेस्ट कशा लिहू?

रिड्यूसर म्हणजे साधं फंक्शन: स्टेट आणि ॲक्शन द्या, नवं स्टेट तपासा. ब्राउझर लागत नाही. कम्पोनंटच्या टेस्टमध्ये स्टोअरची नक्कल करू नका, खरं स्टोअर द्या आणि बटण दाबून आकडा बघा.

मुलाखतीत काय विचारतात?

कॉन्टेक्स्ट आणि रिडक्समधला फरक, इम्यूटेबल का, मिडलवेअर म्हणजे काय, हे ठरलेलं. चांगले मुलाखतकार मात्र एखादी स्क्रीन दाखवतात आणि ‘यातलं काय कुठे ठेवाल?’ विचारतात. लायब्ररीचं नाव घेण्याआधी वर म्हटलेला मालकाचा प्रश्न मोठ्यानं विचारा. उत्तर अर्धवट राहिलं तरी समोरच्याला तुमचा विचार दिसतो.

आमच्या प्रोजेक्टमध्ये सगळंच स्टोअरमध्ये आहे आणि सीनियर म्हणतात हात लावू नका.

त्यांचंही बरोबर असू शकतं. चालत्या गाडीचं इंजिन उतरवायला कोणी परवानगी देत नाही. सगळं पुन्हा लिहायचा प्रस्ताव घेऊन जाऊ नका. नवं फीचर येईल तेव्हा त्यापुरता सर्व्हरचा डेटा क्वेरीच्या कॅशेमध्ये ठेवा, स्टोअरमध्ये नवा लोडिंग झेंडा घालू नका. जुना रिड्यूसर कुठल्या तरी बगसाठी उघडावा लागलाच, तर त्याच पुल रिक्वेस्टमध्ये नाही, पुढच्या वेगळ्या रिक्वेस्टमध्ये त्याचा स्लाइस करा. रिडक्स टूलकिटचं स्टोअर जुने रिड्यूसर जसेच्या तसे घेतं, त्यामुळे जुनं-नवं शेजारी शेजारी चालतं. आणि ज्या फील्डला कोणीच वाचत नाही अशी दोन-चार दर वेळी सापडतात, ती आधी काढा. त्यावर सीनियरही वाद घालत नाहीत.